नाव तेच ठेवलं आणि अर्थ उलटा केला

कंपाइलला वेळ लागतो म्हणून मी चिडलेलो नाही, हे आधीच सांगतो. जेंटू हे लिनक्स घेतलं तेव्हाच ते कबूल केलं होतं. सगळं सोर्समधून बांधायचं म्हटल्यावर रात्रभर पंखा घोंघावणारच. माझा संताप आहे तो जेंटूचं प्रोफाइल, म्हणजे सिस्टमच्या मूळ सेटिंगचा संच, 17.1 वरून 23.0 वर बदलताना माणसाला जी आंधळी कोशिंबीर खेळावी लागते तिचा!

17.1 मध्ये ओपनआरसीचं (मशीन सुरू होताना सेवा चालू करणारी प्रणाली) साधं, नावाला शेपूट नसलेलं प्रोफाइल म्हणजे जुनी मांडणी: प्रोग्राम ठेवायची रूटखालची बिन डिरेक्टरी वेगळी, यूएसआर डिरेक्टरीमधली वेगळी. सिस्टमडी या त्याच कामाच्या दुसऱ्या प्रणालीच्या यादीत दोन्ही एकत्र केलेलं हवं असेल तर नावाला 'मर्ज्ड-यूएसआर' जोडलेलं असायचं. 2024 च्या मार्चमध्ये 23.0 आलं आणि सगळं फिरवलं. आता साधं नाव म्हणजे एकत्र मांडणी, आणि जुनी मांडणी असेल तर तुम्ही 'स्प्लिट-यूएसआर' शोधायचं. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं एकच नाव वापरलं, त्याने सरळ मनाने तेच नाव नव्या आकड्यासह निवडलं की तो चुकलाच. अरे, कुठल्या हिशोबाने?

मी नेमकं हेच केलं. प्रोफाइल निवडायच्या ईसिलेक्ट या आज्ञेने यादी दाखवली, मी आकडा टाकला, त्याने मुकाट्याने घेतला. रूटखालची बिन सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) आहे की खरी डिरेक्टरी, हे तपासायला एक ओळ पुरते. एक ओळ! तेवढं यंत्राने बघायला काय हरकत होती? पॅकेजं बांधणारी इमर्ज ही आज्ञा चालवण्याआधी जेंटूच्या सूचना पुन्हा वाचल्या म्हणून माझ्या लक्षात आलं. रात्री साडेबाराला, दिवसभराचं काम उरकून बसलेल्या माणसाच्या लक्षात ते दर वेळी येईलच असं नाही.

पुढे तर विचारूच नका. मेक डॉट कॉन्फ या बांधणीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सीहोस्ट, म्हणजे मशीनचा प्रकार, लिहिलेला असेल तर काढा. तयार बायनरी (आधीच बांधलेली पॅकेजं) वापरत असाल तर सर्व्हरच्या पत्त्यातला 17.1 आपल्या हाताने 23.0 करा, कारण प्रोफाइल बदललं तरी तो पत्ता बदलत नाही. जुन्या बायनरी पॅकेजांचा साठा पुसा. मग टूलचेन, म्हणजे बांधणीची मूळ साधनं, नव्याने बांधा: आधी बिनयूटिल्स, मग जीसीसी, मग ग्लिबसी, याच क्रमाने. मग लिबटूल. आणि शेवटी एम्प्टीट्री हा पर्याय लावून अख्खं वर्ल्ड, म्हणजे बसवलेली सगळी पॅकेजं, पुन्हा. टूलचेनच्या मूळ सेटिंग बदलल्या की सगळं नव्याने बांधावं लागतं, ते मला पटतं. पण मधली प्रत्येक पायरी माणसाने आठवणीने, न चुकता, हाताने का करायची? नवीन मुलं हे बघून पळतात आणि आपण म्हणतो, त्यांच्यात चिकाटी नाही!

आत्ता 1,143 पैकी 612 पॅकेजेस झालीत. वेबकिट-जीटीके हे वेब पानं दाखवणारं अवजड पॅकेज संध्याकाळपासून चालू आहे. मध्ये वीज गेली तेव्हा ते अर्ध्यावर तुटलं, रिझ्यूम केलं तर तेच पॅकेज पहिल्यापासून सुरू झालं. आणि साताऱ्याला वडिलांच्या मशीनवर अजून 17.1 च आहे. तिथे बसून हे सगळं मलाच करायचंय, कारण फोनवरून "बाबा, साधं नाव निवडू नका, ते आता साधं राहिलेलं नाही" हे मी त्यांना कसं समजावू?