पप्याचा टर्बो आणि पेट्रोलची उधारी

रविवार सकाळ. तर्री-पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या झालेल्या, चहा यायचा होता. पप्याने लॅम्बोर्गिनीचा विषय काढून टर्बो इंजिन की बिनटर्बोचं, हा जुना वाद पुन्हा पेटवला.

"गेला ना बे तुमचा दहा सिलिंडरचा, बिनटर्बोचा व्ही-टेन! त्यांच्या टेमेरारिओ गाडीत चार लिटरचं इंजिन, दोन टर्बो, आणि फिरते 10,000 आरपीएमपर्यंत. आता म्हणा, टर्बो वर चढत नाही!"

पप्याने एक लिटरची टर्बो हॅचबॅक घेतली आहे, साठ हप्त्यांवर. तेव्हापासून हा जिनासुद्धा 'बूस्ट'मध्ये चढतो.

मंग्या गॅरेजवाला. जुनी होंडा सिटी व्हीटेक, बिनटर्बोची, इंजिन स्वतः खोलून बांधलेलं. शांतपणे म्हणाला, "मंग तिच्यात तीन इलेक्ट्रिक मोटरी काहून बसवल्या? टर्बो झोपेतून उठेपर्यंत, तो 'लॅग' संपेपर्यंत, गाडी ढकलाले?"

डॉक्टर समजावू लागला. "अरे, वाया जाणारा धूरच टर्बाइन फिरवतो, त्यावर जास्तीची हवा आत कोंबली जाते, तोच बूस्ट. फुकटची ताकद आहे."

"फुकट? तेच टर्बाइन धुराचा गळा दाबते. बिनटर्बोची फेरारी 458 ऐक, मंग टर्बोवाली 488 ऐक. दुसरीले सर्दी झाली आहे."

"पण 488 ला शंभर घोडे जास्त!" पप्या.

"घोडे मोजाचे तर मुनीम हो बे. ड्रायव्हर काहून होतो?"

पप्याने लडाख बाहेर काढलं. खर्डुंगला खिंडीत हवा अर्धी, तुझी व्हीटेक धापा टाकेल, टर्बो ती कसर भरून काढतो. मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मंग्याने तो सरळ उडवला.

"नागपूरची उंची 310 मीटर. खर्डुंगला काय धंतोलीत आहे? मे महिन्यात 45 डिग्रीची हवा दाबून आणखी तापवतो तुझा टर्बो. मंग इंजिनात ठकठक, म्हणजे नॉकिंग, होऊ नये म्हणून कॉम्प्युटरच ताकद कापते. असं कर, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरले वाळ्याच्या ताट्या लाव!"

डॉक्टरसुद्धा फुटला. पप्या लाल. "समृद्धीवर कोण मागं राहिलं होतं, सांगू?"

"सांग ना. आणि त्या दिवशीचं पेट्रोल कोणी भरलं, तेही सांग. दोन हजार. वर्ष झालं."

एवढ्यात चहावाला आला. सगळ्यांनी पप्याकडे पाहिलं. त्याने खिशात हात घातला आणि तो तिथंच राहिला.

"थांबा बे," मंग्या म्हणाला, "लॅग आहे. येईल बूस्ट."

चहाचे पैसे शेवटी डॉक्टरने दिले.