‘एक गावकरी’ यांस, पानांच्या माळेबद्दल

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली तेव्हा कमी आला. लघुपट महोत्सवाला पाठवताना फीचे पैसे जपा आणि फिल्म यूट्यूबवर टाकू नका, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘शयरातल्या पोट्ट्याइले कोणी अडवत नाही. गावातल्यानं चार ठिकानी फिलिम धाडली तं तुमाले त्याच्या पैशाची काळजी. लॉरेल भेटलं, चौकात बॅनर लागलं, मायबाप खूश झाले, तुमचं काय गेलं? अन् यूट्यूबवर टाकू नका म्हनता, मंग गावानं पाहावं कुठं?’

शेवटचा प्रश्न बोचला. त्याकडे येतोच. आधी ते लॉरेल, म्हणजे महोत्सवात निवड झाली की पोस्टरवर लावायची पानांच्या माळेची खूण, आणि त्याचं बॅनर.

बॅनर माझ्याही नावाचं लागलं होतं. त्याचा हिशोब सांगतो. पहिल्या वर्षी मी अकरा ठिकाणी फिल्म पाठवली, फीचे 9,400 रुपये गेले. त्यातले तीन हजार मामेभावाचे होते, तूर विकून आलेले. अकरांपैकी चौघांनी ‘निवड झाली’ असं कळवलं. मी हरखून विचारलं, कोणत्या हॉलात दाखवणार, किती तारखेला? तिघांकडे हॉलच नव्हता. दर महिन्याला निकाल, डझनावारी विभाग, प्रत्येक विभागात विजेते आणि उपविजेते. सर्टिफिकेट फुकट, ट्रॉफी हवी असेल तर 120 डॉलर वेगळे. फिल्म कोणी पाहिली की नाही तेही कळायला मार्ग नाही. मग ती पानांची माळ मी पोस्टरवर लावली नाही का? लावली. मायबापही खूश झाले. पण त्या खुशीचे पैसे कोणी भरले ते मला ठाऊक होतं आणि मामेभावाला नव्हतं. म्हणून लिहिलं.

फी घेणं वाईट असं मी म्हटलेलं नाही. आलेल्या फिल्म पाहायला माणसं लागतात, हॉलला भाडं लागतं. पण आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडसाची नाटक कंपनी गावात येते तेव्हा गाव कंपनीला पैसे देतं, कारण ती रात्रभर नाटक दाखवते. इथं दाखवणारेही आपण आणि पैसे देणारेही आपणच. मग निदान पडदा कुठं आहे ते विचारायला नको? मागच्या वर्षीचं वेळापत्रक मागा. तारीख, वेळ, थिएटर असं काही सापडलं तर पुढचं बोलणं. मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीच भरतो, दोन वर्षांतून एकदा. तिरुवनंतपुरमला केरळच्या चलचित्र अकादमीचा माहितीपट-लघुपट महोत्सव असतो. तिथं नकार आला तरी आपण खऱ्या रांगेत उभे होतो एवढं तरी असतं.

आणि फी चढत जाते हे विसरू नका. लवकर पाठवणाऱ्याला कमी, मग नेहमीची, मग उशिराची. फिल्म तीच, पाहणारे तेच. आपण दरवेळी उशिराच्या रांगेत, कारण वेचणी उरकल्याशिवाय एडिटिंगला बसायला कोणाला फुरसत नसते. त्यात ऐन शेवटच्या रात्री कार्ड चालत नाही. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते आपल्याला चालू करून घ्यावे लागतात. मला हे रात्री साडेअकराला कळलं, गच्चीवर टाकीशेजारी, कारण रेंज फक्त तिथंच येते.

खरं तर मोठं नुकसान फीनं नाही, माझ्या निष्काळजीपणानं झालं. एका चांगल्या महोत्सवाला लिंक दिली, मग आवाज सुधारून फिल्म पुन्हा चढवली आणि पासवर्ड बदलला. फॉर्ममध्ये मात्र जुनाच राहिला. ते लोक कुलूप लावलेल्या दारासमोर उभे, आणि मी इकडे ‘शहरवाल्यांना आपलं समजत नाही’ म्हणत फिरतोय.

समजत नव्हतं हेही काही अंशी खरं, पण दोष माझाच. फिल्ममध्ये कापूस विकायला आलेला म्हातारा काट्यावर व्यापाऱ्याला म्हणतो, ‘मापात पाप हाय बापा.’ सबटायटल मी मशीनकडून करून घेतली होती. मशीननं ‘बापा’चं ‘फादर’ केलं. एका परीक्षकाचं टिपण आलं: बाप-लेकाचं नातं पुरेसं उलगडत नाही. अहो, नातंच नाही! आता मी एकेक ओळ स्वतः करतो. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि ‘बापा’ सरळ गाळतो.

फॉर्ममध्ये लिहायच्या गोष्टीच्या सारांशाचंही तेच. आपल्याकडे कापसातला ओलावा म्हटलं की सगळं कळतं: सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. माझी गोष्टच या आकड्यांवर उभी आहे. बाहेरच्याला हे पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं नाही, तर त्याला दिसतं ते एवढंच, की एक म्हातारा भिजलेला कापूस वाळवत बसलाय.

आता यूट्यूब. इथं तुम्ही मला बरोबर पकडलंत. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत आधी नेटवर आलेली फिल्म चालत नाही, म्हणून मी सगळ्यांना सरसकट ‘टाकू नका’ सांगून मोकळा झालो. पण त्याच स्पर्धेला श्रेयनामावलीसकट 15 मिनिटांच्या वरची फिल्मही चालत नाही, आणि माझी 18 मिनिटांची आहे! जिथं मला प्रवेशच नव्हता, तिथल्या नियमाच्या धाकानं मी फिल्म चौदा महिने दाबून ठेवली. तोवर म्हाताऱ्याचं काम केलेले काका पानठेल्यावर दिसले की विचारायचे, ‘तुह्या पिच्चरचं का झालं रे?’ मी म्हणायचो, ‘प्रीमियर बाकी आहे.’ ते मान हलवून सुपारी कातरायचे.

नेटवर टाकणं वेगळं आणि गावात पडदा लावणं वेगळं. काही महोत्सव ‘राज्यात पहिला खेळ आमचाच’ असं मागतात, तिथं पाठवायची असेल तर नियम वाचून थांबा. तसा महोत्सव डोळ्यांसमोर नसेल तर आधी गावात दाखवा. माझ्या लेखात हा फरक नव्हता. तेवढा भाग आज बदलतो.

पोळा झाल्यावर, सोयाबीन काढणीच्या आधी, मारुतीच्या पारासमोर दाखवतो आहे. प्रोजेक्टर यवतमाळहून भाड्यानं येईल, लाइन गेली तर मंडपवाल्याचं जनरेटर. काकांना परवा मोबाइलवर थोडी दाखवली, तर म्हणाले, ‘खाली विंग्रजी काऊन लिवलं? आपलंच बोलनं आपल्याले समजत नाही का?’ म्हणून गावासाठी बिनसबटायटलची वेगळी प्रत काढली आहे. तुम्ही जवळपासचे असाल तर या. तारीख इथंच कळवतो.