संसर्गाला मोबाइलपासून कसे जपावे

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांना हल्ली फार वाईट दिवस आले आहेत. पूर्वी त्यांना भीती होती ती केवळ डॉक्टरची, आणि लाजेपोटी डॉक्टरची पायरी कोणी चढतच नसल्यामुळे तीही नावापुरतीच होती. आता मात्र सल्ला, चाचणीची आठवण आणि जोडीदाराला द्यायची सूचना हे सारे प्रत्येकाच्या खिशात येऊन बसले आहे. गोव्यात, जिथे दोन अनोळखी माणसांचे नाते कदंबा बस पर्वरीहून पणजीला पोचेपर्यंत निघते, तिथे कोणाच्या नजरेस न पडता विचारपूस करण्याची ही सोय संसर्गाच्या मुळावरच येणार. त्याचा वंश टिकावा असे ज्यांना वाटते, त्यांनी काही पथ्ये पाळावीत.

१०९७ हा क्रमांक फोनमध्ये साठवू नये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही मोफत हेल्पलाइन आहे आणि जवळचे चाचणी केंद्र कोणते, तेही तिथे विचारता येते. त्यापेक्षा मित्राला विचारावे. तो डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवील, तीच चिठ्ठी दाखवून वास्कोच्या फार्मसीतून गोळ्या आणाव्यात. फोंड्यातून नकोत, कारण तिथल्या फार्मसीवाल्याची आई आणि आपली मावशी एकाच भजनी मंडळात आहेत. गोळ्या दोन दिवस घेऊन बऱ्या वाटताच थांबवाव्यात. गोनोरियाचे जंतू एकामागून एक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत, त्या कार्यात आपलाही खारीचा वाटा.

धोका पत्करलेल्या रात्रीनंतरचे ७२ तास विशेष जपावेत. एचआयव्ही रोखणारी औषधे तेवढ्या मुदतीत, तीही जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, आणि रोजच्या गोळीची आठवण फोन विनातक्रार देऊ शकतो. हा अनर्थ टाळण्यासाठी ते ७२ तास गादीवर पडून त्वचारोगांची छायाचित्रे पाहण्यात घालवावेत. पहाटे तीनपर्यंत आपल्याला किमान पाच असाध्य रोग झाल्याची खात्री पटते, आणि सकाळी दमून कामावर जाताना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळण्याचे त्राण उरत नाही. सिफिलिसचा पहिला फोड बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाविना भरून येतो, हे तर आपल्या पथ्यावरच पडते. रोग शरीरात राहतो, परंतु छायाचित्राशी ताडून पाहण्यासारखे काही उरत नाही. चाचणी करायचीच झाली तर पहिल्याच आठवड्यात करावी. एचआयव्हीची लागण चाचणीत दिसायला प्रकारानुसार काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात, म्हणून तो ‘निगेटिव्ह’ अहवाल गॅलरीत जपून आयुष्यभर पुरवावा. शिरगावच्या जत्रेची, विम्याच्या हप्त्याची आठवण फोनवर लावावी. फेरचाचणीची लावू नये. रोगाचे नाव न घेता ‘उद्या दहा वाजता’ एवढाच मजकूर पडद्यावर उमटेल अशीही आठवण लावता येते, परंतु भाचा फोनवर गेम खेळत असतो ना, तेवढे कारण पुरे.

गुप्ततेची भीती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. १९८९ साली म्हापशात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला, तेव्हा याच राज्याने त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले होते. २०१८ साली ग्राइंडर या डेटिंग ॲपने चाचणीची आठवण देण्याची सोय सुरू केली, आणि त्याच सुमारास वापरकर्त्यांची एचआयव्हीविषयीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांपर्यंत पोचत असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला आणि संमतीविना चाचणी करण्यास व माहिती फोडण्यास मनाई झाली. म्हणून ॲपवर काय लिहावे, याचा विचार जरूर करावा. परंतु तो करून झाल्यावर स्वतःचे लक्षण ‘माझ्या एका मित्राला’ अशा प्रस्तावनेसह दीडशे सदस्यांच्या वाड्याच्या ग्रुपवर टाकावे. दिवेलागणीपर्यंत तो मित्र कोण, ते बोरीपर्यंत कळलेले असेल.

कंडोम ॲपवरून मागवण्याचाही विचार करू नये. आपला पत्ता ‘देवळामागे, गाड्याच्या उजवीकडे’ असा असल्यामुळे पाकीट घेऊन आलेला पोरगा गाड्यावर भजी खाणाऱ्या चौघांना घर विचारणार, हे मान्य. सरकारी केंद्रात ते फुकट मिळतात, हे विसरून जावे. शिवाय हे आजार कळंगुट-बागा किनाऱ्यावरच्या पाहुण्यांचे. ते वाळपईपर्यंत पोचत नाहीत, अशी आपली पिढीजात समजूत आहेच.

राहता राहिला जोडीदार. दोघांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत, तर बरा झालेला पुन्हा आजारी पडू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ साली नाव न देता जोडीदाराला ‘चाचणी करून घे’ असे ई-कार्ड पाठवण्याची सोय निघाली होती. आपल्याकडे असे कार्ड चवथीच्या शुभेच्छांचे तेवढे शोभते आणि त्याच व्यक्तीला ते आपण दरवर्षी न चुकता पाठवतो. तिच्याशी या विषयावर एक ओळही लिहू नये. डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेल्या गोळ्या कपाटात साड्यांखाली ठेवाव्यात, आणि आईच्या हाती लागल्याच तर त्या ॲसिडिटीच्या आहेत असे सांगावे. फक्त तिने त्यातली एक घेतली नाही ना, एवढे पाहावे.