नेस्मिथ यांच्या 55 विजयांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघावरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. संघाचे पहिले प्रशिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्याविषयी ‘55 सामने जिंकून 60 हरलेल्या माणसावर निम्मा लेख खर्च करणे हा इतिहास नव्हे, भक्ती आहे’ असे आपण म्हणता आणि मी अभ्यास न करता लिहितो असेही सुनावता. मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु स्वतःचे नाव न देता दुसऱ्याचा अभ्यास काढणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

आपली एक दुरुस्ती मान्य आहे. संघाची 1922 आणि 1923 ची राष्ट्रीय विजेतेपदे अंतिम सामना खेळून मिळालेली नाहीत. हेल्म्स फाउंडेशन या क्रीडा संस्थेने ती बऱ्याच वर्षांनी बहाल केली, आणि एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची स्पर्धा तर 1939 साली सुरू झाली. तसा खुलासा लेखात घातला आहे.

आता नेस्मिथ. 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डमध्ये ज्यांनी हा खेळ शोधून काढला, ते 1898 साली विद्यापीठाच्या गावी, लॉरेन्सला, आले ते शारीरिक शिक्षण देण्यासाठी आणि विद्यापीठातील प्रार्थनासभा चालवण्यासाठी; सामने जिंकून देण्यासाठी त्यांना कोणी बोलावले नव्हते. संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाशी झाला आणि विद्यापीठ तो 16-5 असा हरले. ज्या काळात प्रशिक्षक हा स्वतंत्र पेशाच नव्हता, त्या काळातील माणसाला आजच्या गुणतक्त्याने मोजणे, याला आपण अभ्यास म्हणता? 55 आणि 60 हे आकडे खरे आहेत. त्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

खरा इतिहास पुढचे प्रशिक्षक फॉग अ‍ॅलन यांच्यापासून सुरू होतो, असे आपले म्हणणे. पण अ‍ॅलन स्वतः नेस्मिथ यांच्याच हाताखाली खेळले, 1907 साली त्यांच्याच जागी आले, आणि पुढे 1952 साली सेंट जॉन्सला 80-63 असे हरवून संघाला एनसीएएचे पहिले विजेतेपद मिळवून दिले. अडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे अ‍ॅलन यांचे खेळाडू. प्रशिक्षक म्हणून एकाने केंटकी विद्यापीठाचा संघ घडवला, दुसऱ्याने नॉर्थ कॅरोलायनाचा. या परंपरेचे मूळच उपटून टाकायचे आणि उरलेल्याला इतिहास म्हणायचे, हे मला जमणार नाही. शिवाय जॉन मॅक्लेंडन यांच्याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आले नाही; ते नेस्मिथ यांच्याकडे शिकले, 1936 साली पदवीधर झाले आणि पुढे त्यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने 1957 ते 1959 अशी सलग तीन वर्षे एनएआयए या छोट्या महाविद्यालयांच्या संघटनेचे विजेतेपद पटकावले. हे विजय नेस्मिथ यांच्या कोणत्या रकान्यात मांडायचे, ते आपणच सांगा.

मी 2006 ते 2008 लॉरेन्समध्ये शिकत होतो. अ‍ॅलन फील्डहाऊस या संघाच्या क्रीडागृहात जागा मिळावी म्हणून थंडीत रांगेत बसलो आहे. 7 एप्रिल 2008 च्या रात्री मारिओ चामर्सने एनसीएएच्या अंतिम सामन्यात 2.1 सेकंद उरले असताना मेम्फिसशी बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्ही 75-68 असे जिंकलो, तेव्हा मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवरच्या त्या गर्दीत मीही होतो. फील्डहाऊसच्या इमारतीला नाव अ‍ॅलन यांचे आहे, आतील मैदानाला नेस्मिथ यांचे. तेथील लोकांनी हे नाते दगड-लाकडात मान्य केले आहे. ते दूर बसून नाकारण्याआधी आपण एकदा तिथे उभे राहून पाहायला हवे होते.

1957 च्या अंतिम सामन्याविषयी आणि गेल्या वीस वर्षांना मी दिलेल्या जागेविषयी आपण जे लिहिले आहे, त्यात मी शिरत नाही. आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ‘भक्ती’ हा शब्द मात्र आपण परत घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.