सामायिक

'सामायिक' म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सरकारने शिकवायला नको. आमच्या घरवाडीच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. मे संपत आला की एकतीसही जण म्हणतात, "यंदा शाकारणी करायलाच हवी." मग मृगाचा पहिला पाऊस थेट देवघरात पडतो.

तरी परिपत्रक आलंच. एका इमारतीतल्या तीन कार्यालयांनी प्रिंटर, जीप आणि शिपाई सामायिक वापरावेत, खर्चात बचत होईल. (कार्यालयांची नावं सांगत नाही. माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.)

बचत झाली, खोटं कशाला बोलू? दोन जुने प्रिंटर निर्लेखित झाले. जनरेटरही एकच ठेवला, तो तर खरोखर परवडला. वीज जाते ती तिघांचीही एकदमच. पण उरलेला प्रिंटर मोठ्या साहेबांच्या दाराशी, वरच्या मजल्यावर. मी तळमजल्यावर. एका पानाच्या दाखल्यासाठी बावीस पायऱ्या, त्याही पावसाळ्यात शेवाळलेल्या. वर पोचावं तर शेजारच्या खात्याची नव्वद पानांची यादी सुरू. एकदा त्या यादीतच टाचला जाऊन माझा दाखला जिल्ह्याला गेला. खाली खिडकीशी सकाळपासून बसलेल्या आजी विचारत होत्या, "बाबा, माजो कागद खंय गेलो?" खंय गेलो, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची, हे परिपत्रकात नव्हतं.

मग टोनर संपला. भरायचा कोणी? ज्याने जितकी पानं काढली त्याने तितका. म्हणजे नोंदवही आली. ती ठेवायला माणूस आला, तो मीच. हिशेबावरून भांडणं आली, म्हणून दरमहा समन्वय बैठक. बैठकीचे बटाटेवडे कोणाच्या आकस्मिक खर्चातून, यावर पहिली बैठक संपली.

जीपचं एरवी बरं चाललं होतं. तिघांना तीन वेगळ्या दिवशी लागायची. पण मे 2021 मध्ये तौक्ते आलं. एकाला पडलेल्या कलमांचे पंचनामे करायचे, दुसऱ्याला फुटलेल्या होड्या बघायच्या, तिसऱ्याला रस्ते. सगळं त्याच सकाळी, तीन दिशांना. शिपाई तात्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आता हिचेय तीन हिस्से करा."

पुण्याचा भाचा लेखापरीक्षणात आहे. त्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मामा, ब्रिटनच्या परिवहन खात्याने हेच केलं. आपल्या सगळ्या संस्थांची पगार-हिशेबाची कामं स्वान्सीला एका केंद्रात न्यायची, 5 कोटी 70 लाख पौंड वाचवायचे. 2008 मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी मोजलं तर वाचणं राहिलं बाजूला, उलट 8 कोटी 10 लाख पौंड अंगावर येणार होते. वर कर्मचाऱ्यांना संगणक मधूनच जर्मनमध्ये निरोप द्यायचा."

स्वान्सी म्हणजे तेही समुद्रकाठचंच गाव. मला जरा जवळचं वाटलं. आमचा प्रिंटर अडला की इंग्रजीत काहीतरी दाखवतो. तात्यांच्या लेखी तेही जर्मनच.

गेल्या आठवड्यात वरून पत्र आलं: सामायिक सेवांमुळे झालेल्या बचतीचा अहवाल तीन प्रतींत, आजच्या आज. वर गेलो. टोनर नव्हता. पेन ड्राइव्ह खिशात घालून छत्री उघडली आणि बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. पंधरा रुपये खिशातले दिले. दुकानात नवीन यंत्र घरघरत होतं, वर अजून हार होता.

"धंदो बरो दिसता," मी म्हटलं.

"तुमची कृपा, भाऊनू. तीनय हापिसांची कामां हंयच येतत. औंदा दुसरा मशीन घेतलंय."