‘कोणीही लिहितं’ म्हणून सोलापूरचा इतिहास खोटा ठरत नाही

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: विकिपीडियावर कोणीही काहीही लिहितं, तपासणारं कोणी नसतं, इतिहास हा प्राध्यापकांचा प्रांत, हौशी मंडळींनी त्यात हात घालू नये, आणि मराठी पान वाचतंय कोण, इंग्रजी आहेच की. हे वाचून नव्याने लिहू पाहणारे बिचकतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

‘कोणीही’ लिहितं हे खरं आहे, ‘काहीही’ टिकतं हे खरं नाही. वाक्याला पडताळता येईल असा प्रसिद्ध झालेला आधार लागतो. तो नसेल तर कोणीही ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतं किंवा वाक्य काढून टाकतं, आणि कोणता बदल कधी, कोणत्या खात्यावरून झाला हे पानाच्या ‘इतिहास’मध्ये सगळ्यांना दिसतं.

१९३० चंच घ्या. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. इथवर वाद नाही. पण त्या मे महिन्यात सोलापूर ‘स्वतंत्र’ होतं, म्हणजे इंग्रजांचा अंमल चालत नव्हता, ते किती दिवस? कुणी तीन सांगतं, कुणी चार. भाषणात दोन्ही खपून जातं. लेखात मात्र मोजणी कुठून कुठपर्यंत धरली, कोणत्या पुस्तकात धरली, हे द्यावं लागतं. जाणकारांत मतभेद असेल तर दोन्ही मतं नावानिशी मांडावी लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या शिलालेखाचंही तेच. आपण त्याला मराठीतला पहिला म्हणतो, पण अक्षी आणि श्रवणबेळगोळचेही दावे आहेत. जिल्ह्याचं प्रेम कितीही असो, तिन्ही नोंदवावे लागतात. मेसेज फॉरवर्ड करताना एवढी शिस्त कोण पाळतं?

आता प्राध्यापकांचा प्रांत. विकिपीडिया नवं संशोधन घेतच नाही. अभ्यासकांनी जे छापलं ते लोकांपर्यंत नेणं, हे स्वयंसेवकाचं काम. घरातली आठवणसुद्धा थेट चालत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या विणकर आजोबांनी मागावर काढलेली पन्नास वर्षं आधी कुणीतरी नोंदवून प्रसिद्ध करावी लागतात. तिथे अभ्यासक हवेतच, आणि ते यावेत असं मला मनापासून वाटतं. पण आपल्या शहराचा इतिहास एका भाषेत मावत नाही. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये, पद्मशाली विणकरांच्या घरची भाषा तेलुगू, शिवाय मराठी आणि उर्दू. चारही भाषा सफाईने वाचणारा एक विद्वान मिळणं अवघड, पण त्या वाचणारे चार शेजारी सोलापुरात सहज मिळतात. हे बळ विद्यापीठाच्या एकट्या इतिहास विभागाकडे नसतं.

इंग्रजी पुरेसं आहे, हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. १८७७ मध्ये सुरू झालेली आपली जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली आणि १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरून एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. तो चिरंजितलाल चौधरी खटला देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही समानतेच्या हक्कासाठी अभ्यासतात. ही हकीकत निकालपत्रात इंग्रजीत आहे. गिरणगावात वाढलेल्या मुलीला ती तिच्या भाषेत, संदर्भांसकट वाचता यायला नको का?

सुरुवात अवघड नाही. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ) आता हक्कमुक्त आहे, म्हणजे कुणालाही वापरता येतं. त्यातली आपल्या तालुक्याची पानं वाचा, मराठी लेखाशी ताडून पाहा. चूक सापडली तर पृष्ठ क्रमांकासह दुरुस्त करा, खात्री नसेल तर लेखाच्या चर्चापानावर लिहा.