सराफ आधी, आडनाव नंतर

लेखात 'श्रॉफ' हा इंग्रजी शब्द पारशी आडनावावरून आल्याचे म्हटले आहे, पण क्रम नेमका उलटा आहे. नाणी बदलून देणाऱ्याला अरबीत 'सर्राफ' म्हणतात. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे 'सराफ' म्हणून रुळला, इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'श्रॉफ' झाला, आणि आडनावही त्या धंद्यावरूनच पडले.

शिवाय इंग्रजीत त्याचे क्रियापदही आहे, नाणी पारखून खोटी वेगळी काढणे या अर्थाचे, आणि ते लेखात यायलाच हवे होते. होळकरांच्याच मल्हारनगर आणि चांदवड अशा निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत, तेव्हा त्यांचा कस पाहून बट्टा, म्हणजे बदलताना किती कापायचे ते, ठरवणारा माणूस लागणारच. इंदूरच्या सराफ्यात माझे आजोबा चांदीचा रुपया अंगठ्याने उडवून, तो दगडी फरशीवर पडल्यावरचा नाद डोळे मिटून ऐकत; बद्द आवाज आला की तो निमूटपणे डाव्या हाताला सरकवीत. हाँगकाँगमध्ये मात्र वाहनतळाचे पैसे घेणाऱ्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी असते, आणि तिथे पारखीचा अर्थ गळून केवळ रोखपाल उरला आहे.